निवणारी खोली

१

मी लाद्या वाजवते. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात की याचा पगार कोण देतं. आमचा कारखाना देतो. टेकडीतला काळा दगड फोडून आणायचा, भट्टीत घालून त्याचा रस करायचा, तो साच्यांत ओतायचा आणि पुन्हा दगड होऊ द्यायचा, असा आमचा उद्योग आहे. दगडाचा दगडच करायचा, फक्त हव्या त्या मापाचा. जिथे आम्ल सांडतं किंवा जिथे जड गाडे फिरतात तिथल्या जमिनींना हा माल लागतो, कारण तो झिजता झिजत नाही.

ओतकाम बघायला पाहुणे येतात. लालभडक रस, ठिणग्या, भट्टीवाल्यांची आरडाओरड, सगळा थाट असतो. खरं काम त्याच्या पुढचं आहे आणि तिकडे कुणी फिरकत नाही. साचे एका लांबलचक बोगद्यात जातात. बोगदा तोंडाशी भट्टीइतका तापलेला आणि शेपटाकडे कोमट. लाद्या त्यातून मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि निवत जातात. हा बोगदा माझ्या नवऱ्याच्या ताब्यात आहे, म्हणून कारखान्यात सगळे ह्यांना बोगदेकर म्हणतात. यांच्या अंगात घाई नावाला नाही. बुटाची नाडी बांधायला बसले की मी तेवढ्यात भांडी घासून घेते.

"रस घाईने निवला तर काच होते," हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. "काळी, देखणी, आणि बोट लावलं की फुटणारी. सावकाश निवू द्या, मग आत स्फटिक धरतात, एकमेकांत अडकतात. तो खरा दगड." मग त्याला हाताला धरून खाणीकडे नेतात. तिथे कधीकाळी लाव्हा पसरला होता. वरचा थर हवेने पटकन थिजला म्हणून तो पावासारखा भोकाभोकांचा. आतला भाग कित्येक वर्षं मुरत राहिला म्हणून घट्ट, आणि आकसताना त्याला तडे गेले ते इतके नेमके की कुणी खांब घडवून उभे केल्यासारखे दिसतात. सगळ्याच्या खाली एक लाल पट्टा आहे. ती भाजलेली माती. लाव्हा येण्याआधी ती साधी जमीन होती, वर गवत असणार, गवतात किडेमुंग्या असणार. "त्यांना विचारायला कुणी गेलं नाही," असं म्हणून हे हसतात.

बोगद्याच्या शेपटाशी मी बसते. हातात छोटी हातोडी. लादीच्या मधे एक ठोका, मग एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मग थांबायचं. हे थांबणं म्हणजेच माझं काम. खणखणीत नाद आला की माल पास. बद्द आला की आत काच राहिली आहे, नाहीतर तडा आहे, नाहीतर पोकळी. ती लादी परतीच्या गाड्यावर जाते आणि गाडा भट्टीकडे. नुसती शंका आली तरी परत, असा नियमच आहे. भट्टीवाले मला कानसेन म्हणतात. मला ते आवडतं, पण मी तसं दाखवत नाही.

२

त्या सकाळी एक लादी वाजवली. मधे, कोपरा, कोपरा. नाद झकास आला. मी थांबले. नाद विरून गेला आणि मग आतून हलकंसं टक् झालं.

निवता दगड बोलतो, हे मला नवीन नव्हतं. आकसताना तो कुरकुरतोच. पण ही लादी पार गार झाली होती, मी तळहात लावून पाहिला. पुन्हा वाजवली. मधे, कोपरा, कोपरा. थांबले. या वेळी उत्तर आलं ते माझ्याच चालीत आलं. आधी मधून, मग कोपऱ्यातून, मग दुसऱ्या कोपऱ्यातून.

मी हातोडी खाली ठेवली. आजूबाजूला कुणी चेष्टा करतंय का पाहिलं. सगळे आपापल्या कामात होते. टेबल हलतंय का पाहिलं. टेबल भक्कम होतं. मग जे नेहमी करते तेच केलं, लादी परतीच्या गाड्यावर ठेवली. दुपारपर्यंत अशीच आणखी एक निघाली. तीही ठेवली. गाडा भट्टीकडे निघाला तेव्हा मला वाटलं की त्या ठोक्यांची आता घाई झाली आहे. भट्टीचा पंखा घरघरत होता, त्यामुळे मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण मला भीती वाटली, आणि आपण काहीतरी पाहूनही मान फिरवली असंही वाटलं.

डबा खाताना मी ह्यांना विचारलं, "अहो, लादी कधी उलट वाजते का?"

"उलट बोलायचं काम घरात एकच जण करतं," हे म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसता हसता त्यांना खोकला आला. यांचा खोकला म्हणजे बोगद्याच्या धुळीची देणगी. एकदा लागला की डोळ्यांतून पाणी काढूनच थांबतो.

फोरमनने ते ऐकलं. "वहिनी, तुम्ही कान दाखवून या. आणि बोगदेकर, तुम्ही छाती. दोघंही उद्या सुट्टी घ्या. इथे काही अडत नाही."

३

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका बंद खोक्यात बसवलं, कानांवर जाड टोप्या चढवल्या आणि बारीक बारीक आवाज सोडले. मी प्रत्येक आवाजाला हात वर केला. काही वेळा आवाज सोडायच्या आधीच केला, म्हणून त्या हसल्या.

"कान लहान मुलीचे आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या.

"मग मला ऐकू येतं ते काय आहे?"

"तुम्हाला ऐकू येत असेल तर ते असेल," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढ्यासाठी मी सकाळ घालवली होती.

घरी आले तर हे बनियनवर बसून पेपर वाचत होते. आमचं घर म्हणजे कारखान्याच्या चाळवजा वसाहतीत पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी सुईत दोरा ओवला तरी आम्हाला कळावं. दिवसभर त्यांचं मशीन चालतं. मला काही मागायचं असलं की मी भिंतीवर बुक्की मारते, भिंत डब्यासारखी भदभद वाजते आणि पलीकडून "काय गं?" येतं. त्या दिवशीही मी घरात शिरल्या शिरल्या बुक्की मारून "आले हो" म्हटलं आणि त्यांनी "काय म्हणाले डॉक्टर?" विचारलं. मी म्हटलं, "वेडी नाही म्हणाले." त्या हसल्या. मशीन पुन्हा सुरू झालं.

जेवणं झाली. हे पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले. मीही भिंतीला टेकून डोळे मिटले.

४

उठून चहा केला. ह्यांचा कप नेहमीसारखा खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला. चहा निवल्याशिवाय हे पीत नाहीत. पेपरची दोन पानं वाचून होतात, मग कप तोंडाला लागतो. तसा तो लागला आणि हे ओरडले.

"अगं, परत गरम करून आणलास का? जीभ भाजली माझी."

"मी जागची हललेही नाही."

दोघांनी कपाकडे पाहिलं. वाफ येत होती. "कप चांगला निघाला," हे म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. पेपर संपला, मागच्या पानावरचं शब्दकोडंही सुटलं, तरी वाफ येतच होती. खिडकीतून आत पडलेला उन्हाचा तुकडा खुर्चीच्या पायाशी होता. तोही तिथेच होता.

मला कसलीतरी चुटपुट लागली होती. जरा वेळाने कळलं की मशीनचा आवाज नाही. वहिनी बाहेर गेल्या असतील, मी स्वतःला समजावलं. शिवलेले कपडे पोचवायला जातात त्या. तरी मी भिंतीवर बुक्की मारली.

भिंत खणखणीत वाजली.

इतकी वर्षं मी ती भिंत वाजवते आहे. ती अशी वाजणं शक्यच नाही, तिच्यात तेवढी वीटसुद्धा नाही. मी बोटाच्या पेराने पुन्हा ठोकलं, वर, खाली, कपाटाच्या मागे. सगळीकडे एकच भरीव, सुरेल नाद. पलीकडे खोली असेल तर आवाज जातो आणि थोडा पोकळ होऊन परत येतो. इथे तो जातच राहिला. त्या भिंतीच्या पलीकडे भिंतच होती, माझा कान पोचतो तिथपर्यंत.

"अहो, जरा दार उघडा बरं."

"का गं?"

"उघडा म्हणते ना."

ह्यांनी सावकाश चपला शोधल्या, दाराशी गेले, कडी काढली आणि ओढलं. दार हललं नाही. पाय चौकटीला लावून ओढलं. "फुगलंय," हे म्हणाले. कोरड्या दिवसांत फुगलंय म्हणाले. जोर लावून खोकला आला म्हणून मग भिंतीला टेकून उभे राहिले. मी दाराच्या फळीवर ठोकलं. लाकूड तसं वाजत नाही.

खिडकीची खिटीही निघेना. काचेतून गल्ली दिसत होती. समोरच्या भिंतीला सायकल टेकवलेली, दोरीवर कुणाची तरी चादर. चादर वाऱ्याने वर उचललेली होती. मी तिच्याकडे पाहत राहिले, ती खाली पडायची वाट पाहत. ती पडली नाही. मग मी काचेला गाल लावून अगदी जवळून पाहिलं. जवळून गल्ली दिसतच नव्हती. सायकल नाही, चादर नाही. नुसते बारीक चमकते कण, काळ्यात काळे, एकमेकांत घट्ट अडकलेले.

मी मागे झाले तशी गल्ली पुन्हा दिसू लागली. हे विचारत होते काय झालं म्हणून.

५

मग ह्यांनी भिंतीला तळहात लावला. बोगद्यावर सकाळी गेल्या गेल्या लावतात तसा. नुसता लावून उभे राहिले. मग स्वयंपाकघरात गेले, तिकडची भिंत पाहिली, परत पुढच्या खोलीत आले, जमीन पाहिली. आल्यावर खुर्चीत बसले. आवाज शांत होता.

"मागे जास्त गरम आहे. पुढे कोमट. मधला उतार बोगद्यासारखा, एकसारखा आहे." थोडं थांबून म्हणाले, "चांगला लावलाय. माझ्यापेक्षा चांगला."

"कुणी लावलाय?"

"ते मला काय माहीत? पण घाई करून भागणार नाही आता. फार हलू नकोस. निवताना हललं की तडा जातो."

"मी लादी आहे का?" मी ओरडलेच. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मेला हा माणूस भूकंपात सापडला तरी आधी कपाट सरळ करील.

बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात वरून आवाज आला.

छताच्या बरोबर मधे एक ठोका. मग कपाटावरच्या कोपऱ्यात. मग दाराकडच्या. आणि मग शांतता.

हे ताडकन उठले. इतक्या चपळाईने मी त्यांना कधी उठताना पाहिलं नव्हतं. झाडूचा लांब दांडा उचलला, खुर्चीवर चढायला लागले. "कुणीतरी आहे गं वर!" हे कुजबुजले आणि हाक मारायला तोंड उघडलं.

मी एका हाताने त्यांच्या कमरेला विळखा घातला आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबलं. त्यांच्या अंगाला लोंबकळले म्हणा ना. ते धडपडत होते, डोळे माझ्यावर वटारलेले. मी सोडलं नाही. वरची शांतता तशीच होती. ती कसली शांतता आहे हे मला ठाऊक होतं. आयुष्यभर मी तीच करत आले आहे.

मग वरचं काहीतरी सरकलं आणि लांब गेलं. मी हात काढला.

"वेड लागलंय का तुला? सुटका झाली असती!"

"आतून आवाज आला तर मी लादीचं काय करते?" मी विचारलं.

ह्यांच्या हातातला दांडा हळूहळू खाली आला. परतीचा गाडा यांच्याच बोगद्यासमोरून जातो, रोज. "शंका आली तरी..." एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मी त्यांच्या पायाशी बसले. त्या दोन लाद्या डोळ्यांसमोरून हलेनात. मधून, कोपऱ्यातून, कोपऱ्यातून. मला वाटलं होतं की दगड माझी नक्कल करतोय. कुणी हाक मारत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी मी लादी फोडून पाहिली असती का, कुणास ठाऊक. फोडल्यावर काय दिसलं असतं तेही ठाऊक नाही. आमची ही दोन खोल्यांची जागा फोडून कुणाला काय दिसेल? एखादा बारीक चमकता कण. दोन, फार तर.

"ओरडलो तर भट्टी," मी म्हटलं. "गप्प राहिलो तर हे."

"हे बरं," ते म्हणाले. "इथे निदान एकमेकांजवळ आहोत. तिकडे रस होतो गं. कोण कुठलं, काही उरत नाही." आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसाढवळ्या असं ते कधी करत नाहीत.

६

ठोके पुन्हा आले. त्याच क्रमाने. त्या वेळी नेमका ह्यांना खोकला यायला लागला. मी पाहिलं, छाती भरून आली, मानेच्या शिरा टरारल्या. त्यांनी पदराचा बोळा मागितला खुणेने, मी तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी खुर्ची धरून त्यांनी तो खोकला गिळला. वरचं गेल्यावरही बोळा काढेनात. मी काढला तेव्हा ओठांवर हसू होतं.

"जमलं," ते म्हणाले.

त्यानंतर ते कमी हलू लागले. सावकाश माणूस आधीचाच, त्यामुळे मला लवकर कळलं नाही. बोलता बोलता दोन शब्दांमधे थांबत, आणि मी वाट पाही. मी त्यांचा हात हातात घेतला होता. तो गार पडत नव्हता. उलट छान ऊबदार होता, पण जड होत चालला होता.

"दुखतंय का?"

बऱ्याच वेळाने मान हलली. नाही.

"भीती वाटते का?"

याचं उत्तर यायला इतका वेळ लागला की मी विचारलेलं विसरले होते. "तू..." ते म्हणाले, आणि मग खूप नंतर, "...आहेस ना."

पुढे काही बोलले नाहीत. डोळे उघडे होते, माझ्याकडे. मी हाका मारल्या, हळू आवाजात, अहो, अहो. खांद्याला हलवून पाहिलं. खांदा हलेना. मग हाताची सवय म्हणा, दुसरं काय, मी पेराने त्या खांद्यावर ठोकलं. एकदा. आणि थांबले.

असा नाद मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. स्वच्छ, लांब, कुठे काच नाही, कुठे तडा नाही. कानसेन मेली नव्हती माझ्यातली. मनात पहिला शब्द आला तो 'पास'. त्याची मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, आवाज न करता, रडून घेतलं. गुडघा टणक होता.

माझा हात त्यांच्या हातातच राहिला आहे. सोडवून पाहिला नाही. सोडवायचा तरी कुठे जायला? आता एकच गोष्ट सांभाळायची आहे. एक लादी म्हणजे एक लादी. तिच्यात एवढीशी जरी जागा कच्ची राहिली तरी सगळीच्या सगळी गाड्यावर जाते. माझ्यामुळे हे भट्टीत जाता कामा नयेत. यांनी इतक्या नीट, इतक्या सावकाश सगळं केलं आहे.

म्हणून मीही स्वस्थ बसले आहे. पाय आधी धरले. मग कंबर धरली. मोकळ्या हाताची बोटं हलत होती तेव्हाच मी एकदा छातीच्या मधोमध ठोकून पाहिलं. बद्द वाजलं. ओलं, कच्चं. अजून वेळ आहे, मी मनाला सांगितलं, घाई करू नकोस. त्यानंतर ती बोटंही धरली.

आत्ता ठोके आले. मधे. कपाटाच्या कोपऱ्यात. दाराच्या कोपऱ्यात. मग शांतता, नेहमीपेक्षा लांब. आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. आणखी एक ठोका आला, हलका, बरोबर माझ्या डोक्यावर. पुन्हा तिथेच. तसं शंका आल्यावर करतात, मला चांगलं माहीत आहे.

श्वास मी रोखून धरला आहे. मान वळत नाही, पापणी मिटत नाही, समोर ह्यांचे डोळे आहेत आणि त्यांना माझी काळजी आहे. सगळं जमत आलंय. एक काळीज तेवढं ऐकत नाही. जितकं दाबावं तितकं जोरात धडधडतंय. वर कुणीतरी छताला कान लावला आहे.